चि. ऋतास, प्रोसेसरविषयी

चि. ऋता,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू व्होकल प्रोसेसरचं, म्हणजे माईकमधल्या आवाजाला घुमारा नि सफाई देणाऱ्या त्या डब्याचं, विचारलंस आणि मी तुझ्या घशावर घसरलो, म्हणून तू "ठेवते, बाबा" म्हणालीस. आज घशाचं काढणार नाही. फक्त प्रोसेसरचं लिहितो.

तू पाठवलेल्या तिन्हींची मॅन्युअलं रात्री वाचली. आई म्हणाली, इतका अभ्यास बारावीला केला असता तर. असो. बॉसचा व्हीई-२० दणकट आहे. पायानं दाबायची दोन बटणं, गायलेलं टिपून पुन्हा पुन्हा वाजवणारा ३८ सेकंदांचा लूपर, सेलवरही चालतो. पण कीबोर्ड, गिटार, ड्रम सगळं मागं वाजत असताना तू लूपर कुठं वापरणार? झूमचा व्ही-३ त्या मानानं खूप काही देतो, पण बटणं हातानं दाबायची. तुझा एक हात माईकवर आणि दुसरा ओढणीवर. माझं मत टीसी-हेलिकॉनच्या माईक मेकॅनिक २ ला. रिव्हर्ब म्हणजे घुमारा, इको, टोन, थोडं पिच करेक्शन म्हणजे सुराची दुरुस्ती आणि एकच फूटस्विच. निवेदनाला सुरुवात केलीस की पायानं बंद करायचं, नाहीतर "नमस्कार"चे चार नमस्कार होतात. जुना मिळाला तरी घे, फक्त अ‍ॅडॉप्टर त्याच्यासोबतचाच बघ. गिटारवाल्याचा उसना लावू नकोस.

हार्मनी, म्हणजे तुझ्या सुराला जोडून दुसरा सूर लावणं, त्यात नाही, हे मला माहीत आहे. पण हार्मनीला आधी पट्टी सांगावी लागते आणि या स्वस्तातल्या यंत्रांची समज मेजर-मायनरपुरतीच. भैरवाच्या अंगाचं गाणं आलं, कोमल रिषभ-धैवत आणि गंधार-निषाद शुद्ध, की ते शेजारी भलताच सूर लावून बसणार. पिच करेक्शनचंही तेच. ते जवळच्या सुरावर ओढतं, बाराच्या बारा खुंट्या ठोकलेल्या. सुरावरून सुरावर घसरत जाणारी तुझी मींड त्यात जिन्यावरून उतरल्यासारखी ऐकू येईल. नॉब अगदी खाली ठेव. आणि बसलेला आवाज त्यानं उठत नाही, हेही लक्षात असू दे.

बघ, आलोच तिथं.

मग सांगूनच टाकतो. पैसे उरतील ते मॉनिटरवर, म्हणजे गाणाऱ्याला त्याचाच आवाज ऐकवणाऱ्या स्पीकरवर घाल. तुझ्या त्या हॉटेलात गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, हे मी दिवाळीत मागं उभं राहून पाहिलंय. ड्रमच्या शेजारी आवाज ऐकू आला नाही की माणूस नकळत ताणतो. प्रोसेसर मिक्सरच्या आधी लागतो, म्हणजे रिव्हर्ब मॉनिटरमध्येही येणार, शब्द पुसट होणार आणि तू आणखी ताणणार. म्हणून तो समोर बसणाऱ्याला थोडा कमी वाटेल एवढाच ठेव. मिक्सरवाल्याला त्याचा इको बंद करायला सांग, त्यांना स्वतःहून सुचत नाही. टोनचं बटण दाबलंस की कॉम्प्रेसर हळू गायलेलं वर उचलतो, तेवढा घशाला आराम. पण मग मॉनिटर लवकर शिट्टी मारतो. माईक त्याच्याकडं वळवू नकोस, जाळी मुठीत धरू नकोस. रात्री दहाला स्पीकर बंद करायच्या नियमावर तुम्ही पोरं चिडता. मला तो बरा वाटतो.

फारच मास्तरकी झाली. तुला हे सगळं ठाऊक आहे, स्टेजवर तू असतेस, मी नाही.

परवा सतारमेकर गल्लीत गेलो होतो, अण्णांच्या तंबोऱ्याची जवारी काढायला. तू लहानपणी तिथं भोपळ्याला कान लावून बसायचीस. तो कारागीर घोडीवर तारेखालचा दोरा केसभर पुढंमागं सरकवायचा आणि ठप्प वाजणारी तार एकदम बोलायला लागायची. तू ओरडायचीस, "आता, आता, थांबा!" आणि तो खरंच थांबायचा. तुझ्या कानावर सोडून द्यायचा तो. माझ्या साऊंडच्या धंद्यात इतकी वर्षं गेली, मला कधी कुणी असं विचारलं नाही. परवा त्यानं तुझी चौकशी केली. पुण्यात गाते म्हणालो, जरा जोरातच म्हणालो बहुतेक, शेजारच्या दुकानातून दोघं बघायला लागले.

तो म्हणाला, आवाज कसा आहे आता. मी चांगला आहे म्हणून सांगितलं. काल फोनवर ऐकला तो काही चांगला नव्हता, ऋता. ताईआत्याचं सुरुवातीला असंच होतं, आणि तीही सर्दी सर्दी म्हणत राहिली. तीन आठवड्यांवर घोगरेपणा राहिला तर दुर्बिणीनं स्वरतंतू बघून घेतात, त्यात भिण्यासारखं काही नाही. तोवर गाणं बंद, आणि कुजबुजायचंही नाही, त्यानंही ताण येतो. लग्नाच्या तारखा जातील तर जाऊ देत.

गुरुवारी जोशीकाका येताहेत. त्यांच्याबरोबर माईकच्या दोन एक्सएलआर केबल पाठवतो. लाल टेपवाली माझी आवडती आहे, हॉटेलात विसरू नकोस.

तुझे
बाबा

ता. क. आई विचारते, डॉक्टरची वेळ घेतलीस का. मी विचारत नाहीये.