ग्रंथालयाच्या संदर्भ विभागातल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

काल एम.एस्सी.चा निकाल लागला. वनस्पतिशास्त्रात विभागात पहिली आले. घरी फोन झाले, सरांच्या पाया पडून झालं, आणि रात्री जेवायला बसल्यावर तुमची आठवण आली तेव्हा घास गिळवेना. तुमचा नंबर माझ्याकडे नाही, म्हणून सगळ्यांना दिसेल असं हे पत्र. नाव घालत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. ग्रंथालयात बसणारी मुलं बरोबर ओळखतील.

तुमच्याकडे येण्याआधी काय अनुभव होता ते आज सांगते. मी बी.एस्सी. केलं त्या कॉलेजातही संदर्भग्रंथ होते. काचेच्या कपाटात, कुलूप लावलेले. बाहेरून नावं तेवढी वाचायची. किल्ली मागितली की उत्तरं ठरलेली: ‘हे सिलॅबसला नाही’, ‘गाइड वाच, पास होशील’, ‘हरवलं तर भरून कोण देणार?’ त्याच खोलीत भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांची तसबीर होती. दर १२ ऑगस्टला, ग्रंथपाल दिनी, तिला हार घातला जायचा आणि भाषणं व्हायची. ग्रंथ वापरण्यासाठी असतात, हा रंगनाथनांनी १९३१ साली मांडलेला पहिलाच नियम. भाषणात तो दरवर्षी यायचा आणि कपाटाचं कुलूप दुसऱ्या दिवशीही तसंच असायचं. मला याचा अजून राग येतो. त्या कुलपापायी कितीतरी मुलं नुसत्या पाठांतरावर बाहेर पडली. हुशार मुलं होती ती.

दहावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या मुलांना पेशी, ऊती, गुणसूत्रं, हरितलवक, प्रकाशसंश्लेषण सगळं समजलेलं असतं. अकरावीला विज्ञान इंग्रजीतून सुरू झालं की ओळखीचं सगळं अनोळखी होतं. शंका विचारायची तर शब्दाचा उच्चार करता आला पाहिजे, आणि तो चुकेल या भीतीने हात वर जात नाही. अशा मुलाला शिकवणीपेक्षा आधी एक चांगला कोश हवा असतो. ही गोष्ट मोठमोठ्या पदांवरच्या माणसांना कळली नाही, ती तुम्हाला कळली.

मी पहिल्यांदा तुमच्या टेबलाशी आले आणि चाचरत ‘डिक्शनरी मिळेल का’ म्हणाले, तेव्हा तुम्ही आयकार्डसुद्धा मागितलं नाहीत. ‘जीवशास्त्राचे कोश ५७०.३ नंबरच्या कप्प्यात, वनस्पती ५८०, प्राणी ५९०. कपाटं उघडीच आहेत, हाताने घे.’ एवढंच बोललात. मी हेंडरसनच्या कोशाची जुनी आवृत्ती घेऊन बसले. तो कोश पहिल्यांदा १९२० साली निघाला, आणि उच्चार, व्युत्पत्ती, व्याख्या या तिन्ही गोष्टी द्यायच्या हे त्याच्या कर्त्यांनी तेव्हाच ठरवलं होतं. मेंदूचा कॉर्टेक्स, मूत्रपिंडाचा कॉर्टेक्स आणि मुळाचा कॉर्टेक्स मी वेगवेगळ्या पेपरांत वेगवेगळे पाठ केले होते. ते तिन्ही एकाच नोंदीखाली सापडले, आणि बाहेरचा थर ही एकच कल्पना तिन्हीकडे आहे हे कळलं. त्या दुपारी मी जेवायला गेलेच नाही. तुम्ही मधेच येऊन भाषा संचालनालयाचा वनस्पतिशास्त्र परिभाषा कोश शेजारी ठेवलात. ‘मराठी विभागात पडून होता, कोणी बघत नाही, तुला लागेल.’

पण मला मुख्य सांगायचंय ते त्या खणाबद्दल.

ग्रंथालयाचा कॅटलॉग संगणकावर गेल्यावर कॅटलॉगच्या कार्डांचं जुनं लाकडी कपाट मागच्या भिंतीला लागलं होतं, कार्डं रद्दीत जायची होती. मी वहीच्या फाटक्या पानांवर शब्द उतरवून घेते हे तुम्ही कधीतरी पाहिलं असणार. एके दिवशी तुम्ही त्या कार्डांचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवलात. साडेसात बाय साडेबारा सेंटिमीटरची जाड कार्डं, पाठीमागून कोरी, खाली दांडीसाठी भोक. आणि कपाटातला एक खण रिकामा करून दिलात. त्याच्या पितळी चौकटीत पांढऱ्या पट्टीवर माझं नाव होतं. पूर्ण नाव, आडनावासकट, तुमच्या त्या गोलाकार अक्षरात.

काका, तोवर कॉलेजात माझं नाव फक्त हजेरीपटावर आणि फी थकल्याच्या यादीत लागलं होतं. ग्रंथालयात, पुस्तकांच्या मधोमध, आपल्या नावाची एक जागा आहे, हे बघून मी त्या कपाटापुढे नुसती उभी राहिले. तुम्ही मात्र तोवर वर्तमानपत्रांच्या फाइली लावायला निघूनही गेला होता.

तो खण दोन वर्षांत भरला. प्रकल्पासाठी कोकणातल्या सड्यावरच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावरच्या, वनस्पती घेतल्या, तेव्हा त्याचा खरा उपयोग झाला. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ, १९०१ ते १९०८ मधला, आजही आमच्या कामात लागतो. पण त्यातली एकेक ओळ परिभाषेने ठासून भरलेली. पान गुळगुळीत, लव असलेलं की दाट लोकरी, याला प्रत्येकी वेगळी संज्ञा. सड्यावरच्या गेंद (एरिओकॉलॉन) या छोट्या वनस्पतीच्या दोन जाती वेगळ्या करताना बीवरची नक्षीसुद्धा सूक्ष्मदर्शकाखाली बघावी लागते, आणि वर्णनातला एक शब्द चुकीचा समजला तर जातच चुकते. माझी कार्डं शेजारी नसती तर कुक मला वाचताच आला नसता. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या मॅडमनी एकामागून एक संज्ञा विचारल्या. उत्तरं देताना आवाज एकदाही खाली गेला नाही.

तुम्ही नियम मोडला नाहीत, खिशातला पैसा घातला नाहीत. समोरचं पोर काय करतंय ते नीट पाहिलंत आणि त्याला लागेल ते पुढे सरकवलंत. बसमध्ये कडेवरच्या पोरासाठी सरकून जागा देणारी, दवाखान्यात चुकलेल्या म्हातारीला हाताला धरून खोलीपर्यंत नेणारी माणसं असतात, त्यांतले तुम्ही. अशा माणसांचे सत्कार होत नाहीत, आणि झाले पाहिजेत असं मला मनापासून वाटतं.

आता दोन कामाच्या गोष्टी. माझा खण रिकामा करू नका. यंदा पहिल्या वर्षाला खेड्यांतून आलेल्या मुली आहेत, त्यांना तो वापरू द्या. माझ्या नावाची पट्टी काढून त्यांची लावा, कार्डं तशीच राहू देत, भर त्या घालतील. दुसरं म्हणजे कुकच्या १९५८ च्या पुनर्मुद्रणातल्या दुसऱ्या खंडाची शिवण सुटली आहे, पानं गळायच्या आत तो बाइंडरकडे द्यायला हवा. शनिवारी पेढे घेऊन येते, तेव्हा त्याचे पैसेही देते. नाही म्हणू नका.

तुमची,
खण क्रमांक नऊवाली