क्रूझचा विमा : आधी पॉलिसी वाचू द्या

महोदय,

सिंगापूरहून सुटणाऱ्या क्रूझचे आरक्षण करताना प्रवास विमा घ्यावा की नाही, यावर आमच्या घरी आठवडाभर खल झाला. ‘मेडिक्लेम आहे ना’ हा सौभाग्यवतींचा मुद्दा मलाही पटला होता. पण पॉलिसीतील बारीक अक्षरे भिंग घेऊन वाचली तेव्हा कळले की, संरक्षण भारतातील उपचारांपुरतेच असून रुग्णालय म्हणजे मोठ्या शहरात किमान १५ आणि लहान गावात १० खाटांचे. जहाजावरचा दवाखाना या व्याख्येत कुठून बसणार? तिथले बिल थेट केबिनच्या खात्यावर चढते. मला अधिक धास्ती आहे ती भर समुद्रातून रुग्णाला किनाऱ्यावर हलवण्याच्या खर्चाची, किंवा विमानाला उशीर होऊन जहाजच निघून जाण्याची.

युरोपातील अनेक देशांसाठी चालणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण सक्तीचे असल्याने भूमध्य समुद्रात जाणाऱ्यांची या खलातून सुटका होते. आम्ही अखेर विमा घेतला. मात्र एजंटाने पुढे केलेला नव्हे (त्यात पूर्वीचे आजार वगळले होते), तर माझ्या मधुमेहाची लेखी नोंद करून घेणारा. पर्यटन कंपन्यांनी पैसे भरून घेण्यापूर्वीच संपूर्ण पॉलिसी मराठीत हाती द्यावी, एवढीच विनंती.

– एक ज्येष्ठ वाचक, डोंबिवली