मारबतीआधी वाईड लेन्स घ्यायची तर

महाल, नागपूर

प्रिय मित्रा,

काय बे, सोनीचा फुल फ्रेम (३५ एमएम फिल्मएवढ्या सेन्सरचा कॅमेरा) घेतला आणि दोन ओळींचा मेसेज टाकून मोकळा झाला, "जुनी वाईड सांग, बजेट कमी आहे, मारबतीपर्यंत पाहिजे", म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मारबतीच्या मिरवणुकीसाठी रुंद दृश्य घेणारी जुनी लेन्स. आता याचं उत्तर व्हॉट्सॲपवर कसं देऊ, म्हणून हे सविस्तर लिहून राहिलो.

आधी उत्तरच सांगून टाकतो, कारण तू शेवटपर्यंत वाचशील याची काही गॅरंटी नाही. २८ एमएम घे (हा आकडा जितका लहान तितकं दृश्य रुंद), एफ २.८ वाली (ॲपर्चर, म्हणजे प्रकाश सोडणारं भोक, किती उघडते त्याचा आकडा, लहान म्हणजे जास्त उघडं), एसएलआरची (आरशातून बघायच्या कॅमेऱ्याची), सत्तर-ऐंशीच्या दशकातली. आणि रिंगवर नाव कोणाचं आहे यापेक्षा समोरचा नग कसा आहे ते बघ. बाकी सगळं पत्र हे काऊन, यासाठी.

जुनी ५० एमएम घेणं सोपं असते, कोणत्याही बऱ्या कंपनीची उचल, ५.६ वर नेली की चांगलीच निघते. वाईडचं तसं नाही. एसएलआरमध्ये मागे आरसा वरखाली होतो, त्याला जागा लागते, म्हणून निकॉनमध्ये माउंटपासून (लेन्स बसते त्या कडीपासून) फिल्म ४६.५ एमएम लांब. आता २८ एमएमची साधी लेन्स फिल्मपासून २८ एमएमवरच बसायला पाहिजे, म्हणजे आरशाच्या आतच घुसली. त्यावर उपाय म्हणून पुढे एक मोठी निगेटिव्ह काच लावून लेन्स मागे सरकवायची युक्ती निघाली, फ्रान्सच्या आंजेन्यूनं १९५० मध्ये ३५ एमएमची तशी लेन्स बाजारात आणली आणि तिचं रेट्रोफोकस हे नाव पुढे सगळ्याच जातीला चिकटलं. पण त्या उलट्यापालट्या रचनेत कोपरे सांभाळणं लय कठीण, सुरुवातीच्या बऱ्याच लेन्सेस कडेला गढूळ, जवळच्या फोकसला तर अजूनच. १९६७ मध्ये निकॉननं २४ एमएम एफ २.८ काढली, तिच्यात फोकस करताना आतल्या काचांमधलं अंतरही बदलते, त्यामुळे जवळचंही नीट येते. म्हणून मी सत्तरच्या पुढचं बघ म्हणतो. साठच्या आधीची वाईड कपाटात शोभून दिसते, तिथेच राहू दे.

तू त्या रेंजफाइंडरच्या (वेगळ्या खिडकीतून बघायच्या कॅमेऱ्याच्या) २१ एमएमचा फोटो पाठवला होता ना, चिमुकली, पितळेची, दिसायला मस्त. नको घेऊ. रेंजफाइंडरमध्ये आरसा नाही, म्हणून त्या लेन्सची मागची काच पार फिल्मला टेकायच्या बेतात असते आणि कडेचा प्रकाश फार तिरका येतो. फिल्मला त्याचं काही नाही. पण तुझ्या सोनीच्या सेन्सरवर जवळपास २ एमएम जाडीच्या फिल्टर-काचा आहेत, तिरका प्रकाश त्यातून जाताना वाकतो, मग कोपरे फासल्यासारखे दिसतात आणि कडेला जांभळट रंग चढतो. रंग सॉफ्टवेअरनं निघतो, फासलेले कोपरे नाही निघत. निकॉन झेडची ही काच पातळ आहे म्हणून तिथे त्रास कमी, रेंजफाइंडरवाल्या लायकानं तर आपल्या लेन्सेस डोळ्यासमोर ठेवूनच सेन्सर बनवला. गंमत अशी की एसएलआरच्या ज्या वाईडला आरशापायी मागे सरकावं लागलं त्यांचा प्रकाश बराच सरळ येतो आणि त्या डिजिटलवर आरामात चालतात.

आता २८ काऊन, २० काऊन नाही. कागदावर २० चा कोन ९४ अंश आणि २८ चा ७५, त्यामुळे २० घ्यावीशी वाटतेच. पण तू काढणार काय ते आठव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते, मागेपुढे बडगे (मारबतीसोबतचे पुरुषांचे पुतळे), इतवारीच्या गल्ल्यांत पाय ठेवायला जागा नाही, लोकं "घेऊन जा गे मारबत" ओरडून राहिले, नेहरू पुतळ्याजवळ दोन्ही मारबती समोरासमोर येतात तेव्हा तर तुला मागे सरकता येत नाही आणि पुढेही. २० घेऊन मधे उभा राहिला तर कडेचा प्रत्येक माणूस ताणला जाते, कोणाचं डोकं भोपळ्याएवढं, आणि कॅमेरा जरासा वर केला की दोन्ही बाजूंच्या इमारती मारबतीच्या अंगावर पडतात. २८ वर गर्दी पण येते, माणसं पण माणसंच दिसतात. दीक्षाभूमीचा अख्खा घुमट जवळून घ्यायचा असेल तर २४ लागेल, मान्य आहे, तिथे मी दोन पावलं मागे जातो. २४ दुसरी लेन्स म्हणून घे, पुढच्या वर्षी.

कोणती म्हणशील तर माझी पसंती निकॉरची (निकॉनच्या लेन्सचं नाव) एआय-एस, म्हणजे त्यांची ऐंशीच्या दशकातली आवृत्ती. पण २८ एफ २.८ लिहिलेल्या तीन-चार वेगवेगळ्या निकॉर फिरत असतात आणि विकणारा सगळ्यांना एकच भाव सांगतो. फोकस रिंग जवळच्या टोकाला फिरव, आकडा ०.२ मीटरवर थांबला तर ती आठ काचांची चांगली एआय-एस, ०.३ वर थांबला तर आधीची सात काचांची एआय किंवा स्वस्तातली पाच काचांची सिरीज ई. सिरीज ई वाईट नाही बरं, पण एआय-एसचे पैसे देऊ नको. बाकी ऑलिम्पसची २८ एफ ३.५, इवलीशी, ४९ एमएमचा फिल्टर, दोन-तृतीयांश स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट) कमी आहे एवढंच आणि दिवसाच्या कामाला काय फरक पडते. मिनोल्टा, कॅनन एफडी, दोन्ही चालतील. विव्हिटर स्वतः लेन्स बनवत नव्हती, दुसऱ्यांकडून बनवून घ्यायची, सिरियल नंबर २२ नं सुरू झाला तर किरॉन, २८ नं सुरू झाला तर कोमिन, ही दोन्ही घराणी चांगली, आणि नाव लहान असल्यानं भाव पण लहान. रशियन मीर घे म्हणून कोणी सांगेल, १९५८ च्या ब्रुसेल्स प्रदर्शनातल्या ग्रां प्रीचा शिक्का पण दाखवेल, पण ती ३७ एमएमची आहे बाप्पा, वाईड म्हणायला जीभ रेटत नाही.

ॲडॉप्टरमध्ये खरी ग्यानबाची मेख आहे, इथे जरा लक्ष दे. ॲडॉप्टर म्हणजे जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर बसवायची पोकळ नळी, काच नाही काही नाही. सोनीचं माउंट-ते-सेन्सर अंतर १८ एमएम, निकॉनचं ४६.५, म्हणजे नळी बरोब्बर २८.५ एमएमची पाहिजे. (तुझ्या जुन्या कॅनन डीएसएलआरवर एफडी लेन्स इन्फिनिटीला (अगदी दूरच्या फोकसला) जात नव्हती ती याचमुळे, एफडीचं अंतर ४२ आणि त्या बॉडीचं ४४, नळीला जागाच उरत नाही.) आता नळी ०.१ एमएमनं जरी लांब झाली तरी २८ ची लेन्स आठ मीटरच्या पलीकडे फोकसच होत नाही, दूरचं सगळं कायमचं मऊ. म्हणून स्वस्त ॲडॉप्टरवाले मुद्दाम थोडी आखूड बनवतात. मग उलटं होते, रिंगवर आठ मीटर दिसते तेव्हाच फोकस इन्फिनिटीला पोचलेला असतो. ५० एमएमवर तेवढ्याच चुकीला हा आकडा २५ मीटर निघतो, कोणाच्या लक्षातही येत नाही. वाईड जितकी जास्त तितकी ही चूक महाग. शिवाय एआय-एससारख्या लेन्सच्या आतल्या काचा रिंगच्या हिशोबानं सरकतात, रिंगच खोटं बोलत असेल तर ती दुरुस्तीही चुकीच्या जागी होते आणि कोपरे उगाच बिघडतात, लोकं शिव्या मात्र लेन्सला घालतात.

आणि मारबतीत तुला स्केलवरच, म्हणजे लेन्सच्या रिंगवर लिहिलेल्या अंतरावरूनच, फोकस करायचं आहे. गर्दीत व्ह्यूफाइंडर मोठा करून बघायला कोणाला वेळ असते. हिशोब असा, २८ वर एफ ८, फोकस ३.३ मीटरला, की दीड-पावणेदोन मीटरपासून पार दूरपर्यंत सगळं चालण्यासारखं. पण हा हिशोब छोट्या प्रिंटच्या जमान्यातला आहे, २४ मेगापिक्सेल स्क्रीनवर शंभर टक्के करून बघशील तर टोकं मऊच दिसतील, म्हणून एफ ८ ठेवून लेन्सवरच्या खुणा एक स्टॉप उघड्या आकड्याच्या वाचायच्या. शटर १/५०० सेकंदाला, आयएसओ ऑटो, आणि हात वर करून धडाधड काढायचं. ॲडॉप्टरमुळे स्केल सरकलं असेल तर घरीच खऱ्या अंतरावर फोकस करून रिंगवर पांढऱ्या टेपची खूण मारून ठेव.

नग तपासायचं आता. मोबाईलचा टॉर्च मागून मार, ॲपर्चर उघडं ठेवून पुढून तिरकं बघ. बुरशीचे तंतू दिसले तर सोड, स्वस्त असली तरी सोड. धूळ, एखादा ओरखडा, याला घाबरू नको. ॲपर्चरच्या पात्यांवर तेल असेल तर भाव पाड, कारण जुन्या एसएलआरमध्ये पातं क्षणात बंद व्हावं लागायचं, तेल असलं की एक्स्पोजर गेलं. तुझ्या कॅमेऱ्यावर तू आधीच रिंग फिरवून ठेवणार, पातं सावकाश आलं तरी चालते. फक्त आतल्या काचांवर तेलाचा धुरकटपणा चढला नाही ना ते बघ.

मग गच्चीवर जा. दूरची एखादी पाण्याची टाकी पकड, मध्ये ठेवून एफ २.८ वर फोकस कर, पुन्हा रिंगला हात लावायचा नाही. आता कॅमेरा फिरवून तीच टाकी चारही कोपऱ्यांत एकेकदा घे. चारही सारखेच मऊ आले तर ठीक, ५.६ ला सुधरतील. तीन बरे आणि एक चिखल असेल तर आतली काच सरकली आहे किंवा ॲडॉप्टर वाकडा. तोच ॲडॉप्टर दुसऱ्या लेन्सला लावून बघ, तोच कोपरा परत खराब म्हणजे गुन्हेगार ॲडॉप्टर. लोकं विटांच्या भिंतीचा फोटो काढतात, पण त्यात कॅमेरा भिंतीला अगदी समांतर पाहिजे, हातानं ते होत नाही आणि चांगली लेन्स उगाच बदनाम होते.

इकडे घरी आणशील तेव्हा ठेवायचं कसं ते पण ऐक. आपल्याकडे सगळे बुरशीसाठी पावसाळ्याला दोष देतात, पण कूलर? मे महिन्यात बाहेर ४५, हवा कोरडी ठणठणीत, आणि आत कूलरवाल्या खोलीत कपाटातले कपडे सुद्धा दमट लागतात. लेन्सची बॅग त्याच खोलीत ठेवतात भैताड. घट्ट झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रता मीटर, ४० ते ५० टक्क्यांत ठेव, पार वाळवू पण नको. आणि उन्हाळ्यात गाडीच्या डिक्कीत अजिबात नाही, फोकसचं जुनं ग्रीस पातळ होऊन पात्यांवर उतरते, ते तेल कुठून येते म्हणून विचारशील तर इथूनच.

कॅमेऱ्यात लेन्सशिवाय शटर चालू द्यायचा पर्याय ऑन कर, नाहीतर बटन दाबत बसशील, आणि स्टेबिलायझेशनमध्ये २८ हा आकडा हातानं टाक. फोकस पीकिंगवर (फोकसमधल्या कडा स्क्रीनवर रंगवून दाखवायची सोय) वाईडमध्ये विसंबू नको, सगळंच चमकते.

खरं सांगू का, कोपरे आणि सूर्यासमोरची चमक यात आजची साधी नवी २८ या सगळ्यांना मागे टाकते. जुनीत जादू असते म्हणणाऱ्यांचं मी ऐकत नाही. मला जुनी आवडते ती अंतर बोटांना पाठ होते म्हणून, आणि रिंग दोन्ही टोकांना अडते म्हणून, नव्या लेन्सची रिंग गोल गोल फिरतच राहते. तुला ऑटोफोकसशिवाय जमणार नसेल तर आत्ताच सांग, मग पैसे साठव आणि नवीच घे, मी काही रागावणार नाही.

ॲडॉप्टर विकत घेऊ नको, निकॉन ते सोनी माझ्याकडे पडला आहे, मोजलेला आहे आणि आतून मॅट काळा रंग पण मारला आहे. सीताबर्डीत एकाकडे दोन निकॉर आल्या आहेत म्हणून कळलं, शनिवारी बघून येतो. ०.२ वाली असली तर टाकीचे चारही फोटो पाठवतो, रॉ फाइल पाठवीन, मोबाईलवर बघून हो म्हणू नको, लॅपटॉप उघड. आणि पोळ्याच्या आदल्या दिवशीच ये, करीच्या (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या) सकाळी इकडे सगळे रस्ते बंद असतात, रिक्षावाला महालात यायला तयार होत नाही. काकूंना नमस्कार सांग.

तुझाच,
महालवाला