गोल कोणी केला, तेही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या कोल्हापुरातल्या रविवारच्या फुटबॉल सामन्यात झालेल्या हुल्लडबाजीची बातमी कालच्या अंकात पहिल्या पानावर वाचली. फोटोही मोठा होता. गॅलरीची जाळी, पोलिसांच्या काठ्या, मैदानात पडलेल्या पाण्याच्या बाटल्या. आतल्या पानावर त्याच विषयावर स्फुट. सामन्याचा निकाल बातमीच्या शेवटच्या ओळीत होता आणि गोल कोणी केले ते कुठेच नव्हते. दहा मिनिटे राहिली असताना डाव्या बगलेवरून आलेल्या क्रॉसवर एका पोराने धावत येऊन डोक्याने बरोबरीचा गोल केला. शाहू स्टेडियमवर मी 40 वर्षे सामने बघतो आहे. असा हेड फार थोड्या वेळा बघायला मिळाला. त्या पोराचे नाव तुमच्या अंकात नाही. ताब्यात घेतलेल्यांची नावे मात्र वयासकट आहेत.

मी हुल्लडबाजांची बाजू घेत नाही. बाटली फेकणाऱ्याला स्टेडियमच्या दारातूनच परत पाठवले पाहिजे, आणि तो कोण हे त्याच्या तालमीला, म्हणजे संघ चालवणाऱ्या पेठेतल्या मंडळाला, चांगले ठाऊक असते. पण स्फुटलेखकाने सुचवलेला उपाय वाचून राहवले नाही. म्हणे सामने प्रेक्षकांविना खेळवा, नाहीतर हंगामच थांबवा. हंगाम थांबला तर शिक्षा कुणाला होणार? बाटली फेकणारा पुढच्या चौकात जाऊन बसेल. उद्यमनगरात लेथवर उभा राहणारा, कामावर जायच्या आधी पहाटे गांधी मैदानात सराव करणारा पोरगा मात्र एक वर्ष हरवून बसेल. त्याच्याकडे चांगल्या खेळाची वर्षे असतात तरी किती? पाच, फार तर सहा. शिवाय ही सगळी मंडळे पेठेच्या जिवावर चालतात. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब यांना निदान नाव आहे, आश्रयदाते आहेत. खालच्या गटातल्या मंडळांचे बूट आणि जर्सी वर्गणीवरच येतात. एक हंगाम गेला की त्यातली दोन-तीन पुन्हा उभी राहत नाहीत.

माझे थोरले बंधू, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, अशाच एका तालमीचे गोलकीपर होते. तालीम कधी वरिष्ठ गटात असायची, कधी खाली यायची. अण्णा 13 हंगाम खेळले. त्यातले निम्म्याहून अधिक सामने रिकाम्या गॅलरीपुढे. एका बाद फेरीच्या स्पर्धेत त्यांनी टायब्रेकरला तीन पेनल्टी अडवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने शेजारून तुमचा अंक मागून आणला. खाली कोपऱ्यात दोन ओळी होत्या. दोन्ही संघांची नावे आणि ‘टायब्रेकरवर मात’. आईला वाचता येत नव्हते. तिने मला विचारले, ह्यात अण्णाचं नाव कुठं आहे? मी काय सांगणार?

पुढे काही वर्षांनी एका सामन्यात मधल्या मैदानात जुंपली. समोरच्या संघाचा एक पोरगा खाली पडला होता आणि आमच्याच पेठेतले चौघे-पाच जण आत घुसून त्याला लाथा घालत होते. अण्णा गोल सोडून धावत गेले आणि त्या पोराच्या अंगावर आडवे झाले. चार लाथा त्यांनी स्वतःच्या पाठीवर घेतल्या. मी गॅलरीतून हे डोळ्यांनी पाहिले आहे. दुसऱ्या दिवशी तुमच्या अंकात ‘हाणामारी करणारे खेळाडू’ म्हणून जी नावे आली, त्यांत अण्णांचे नाव होते. आडनावासकट. एक काना-मात्रा चुकलेली नव्हती. वडिलांना कारखान्यात लोकांनी विचारले. अण्णा स्वतः तुमच्या कार्यालयात आले, ज्याला वाचवले त्या पोरालाही सोबत घेऊन आले. खुलासा छापतो, असे त्यांना सांगण्यात आले. तो आजतागायत छापला गेलेला नाही.

गेल्या वर्षी अण्णा गेले. तालमीत शोकसभा झाली. त्यांच्या नातवाने मला विचारले, आजोबांचं पेपरातलं एखादं कात्रण आहे का, फ्रेम करून लावतो. कात्रण आहे. एकच आहे. ते मी त्याला दिलेले नाही.

तुम्ही म्हणाल, एवढ्या जुन्या गोष्टीसाठी आज पत्र कशाला? कारण काल तुम्ही तेच पुन्हा केलेत. तालमीच्या वह्यांत वर्गणीचा हिशेब मिळतो, मंडपाचे बिल मिळते, पण कोणत्या हंगामात कोणी किती गोल केले, हे मिळत नाही. त्याची नोंद राहिली तर ती वर्तमानपत्रातच राहणार. तुम्ही छापले नाही तर तो गोल झालाच नाही, असे होते. अनिकेत जाधव 2017 साली सतरा वर्षांखालील विश्वचषकासाठी भारताच्या संघात गेला, तेव्हा सगळ्या गावाला अभिमान वाटला, मलाही वाटला. पण बाकीचे शेकडो जण इथेच खेळतात, तिशीत बूट काढून ठेवतात आणि रिक्षाकडे नाहीतर दुकानाकडे वळतात. त्यांच्या खेळाला तुमच्या दोन ओळींशिवाय दुसरा पुरावा नाही. कालच्याच क्रीडापानावर इंग्लंडमधल्या एका प्रशिक्षकाच्या हकालपट्टीला चार स्तंभ दिले आहेत. ती बातमी मुले रात्रीच मोबाइलवर वाचून मोकळी झालेली असतात. आपल्या पेठेतल्या सामन्याची बातमी त्यांना जगातले दुसरे कोणतेही वर्तमानपत्र देणार नाही.

आणि मुलींचे काय? एफसी कोल्हापूर सिटी हा संघ 2019 साली लुधियानात इंडियन विमेन्स लीगमध्ये खेळला. माझी पुतणी शाळेच्या संघात होती. त्या दिवसांत ती रोज सकाळी आधी तुमचे क्रीडापान उघडायची आणि घडी करून ठेवायची. पुढे तिने ते उघडणे सोडले. फुटबॉलही सोडला. दोन्हींचा संबंध मी जोडत नाही, पण त्या सकाळी तिचा चेहरा मी बघत होतो.

माझी मागणी फार मोठी नाही. सामना कोणत्याही गटाचा असो, गोल करणाऱ्यांची नावे, मिनिटे आणि दोन्ही गोलकीपरची नावे एवढे छापा. तीन ओळींत मावते. मारामारी झाली तर तीही जरूर छापा, पण नाव छापण्याआधी तो माणूस मारत होता की आडवा पडला होता, एवढे विचारून घ्या.

बुधवारी खालच्या गटाचा सामना आहे. वार्ताहर पाठवता आला तर पाठवा. नाही आला, तर मी गॅलरीत आहेच. दोन्ही संघांची नावे-आडनावे, गोल, मिनिटे स्वच्छ अक्षरात लिहून संध्याकाळी सातच्या आत कार्यालयात आणून देतो. जागा तेवढी ठेवा.

आपला,
एक जुना वाचक
शिवाजी पेठ, कोल्हापूर