शेत गहाण टाकण्याआधी

सावदा, ता. रावेर

प्रिय दोस्ता,
सप्रेम नमस्कार.

परवा तुझा फोन आला तेव्हा मी बागेत होतो, लाइट नुकतीच आली होती, पाणी सोडायची घाई होती. नीट बोलता आलं नाही. पण "नाल्याकडचे दोन एकर गहाण टाकतो, एजंटला साडेचार लाख देतो, पोरगं महिन्याभरात दुबईला विमान दुरुस्तीच्या कामावर लागतं," हे तुझं बोलणं रात्रभर डोक्यातून गेलं नाही. फोनवर तू मला पुरतं बोलू देणार नाहीस, म्हणून लिहितोय.

पोराने नाव काढलं, भो. डीजीसीएच्या, म्हणजे आपल्या सरकारच्या विमान खात्याच्या, पेपरला ७५ टक्क्यांच्या खाली पास नसतं, आणि त्याने सगळी मॉड्यूल्स काढली. पण पेपर निघाले म्हणजे लायसन्स हातात आलं असं नाही. मान्यताप्राप्त संस्थेतून कोर्स केला तरी बी१.१ साठी, म्हणजे टर्बाइन इंजिनाच्या विमानांच्या दुरुस्तीच्या लायसन्ससाठी, चालू विमानांवरच्या दोन वर्षांच्या कामाची नोंद लागते. लायसन्स मिळालं तरी विमान उडायला ठीक आहे म्हणून सोडायची सही लगेच करता येत नाही. त्यासाठी त्या त्या विमानाचं टाइप रेटिंग, म्हणजे त्या मॉडेलचं खास प्रशिक्षण घेतल्याची लायसन्सवरची नोंद, लागते, एअरबस ए३२० चं वेगळं, बोइंग ७३७ चं वेगळं. शिवाय आपल्या लायसन्सवर परदेशात सही चालत नाही. अमिरातीत तिथल्या विमान खात्याचं, जीसीएएचं, लायसन्स लागतं, युरोपात तिथल्या ईएएसएचं. आखातातल्या जाहिराती पोराला उघडायला सांग. टाइप रेटिंग आणि काही वर्षांचा अनुभव, हे सुरुवातीलाच लिहिलेलं असतं.

हे मी ऐकीव सांगत नाही. तुला आजवर सांगितलं नाही, पण कोर्स संपल्यावर मीही असाच गेलो होतो. एका एजंटने व्हिजिट व्हिसावर शारजाला पाठवलं. एका खोलीत नऊ जण होतो. दोन महिन्यांत एकच मुलाखत मिळाली. समोरचे गृहस्थ वयस्क होते. त्यांनी माझं लॉगबुक, म्हणजे केलेल्या कामांच्या नोंदींची वही, हातात घेतलं, सात पानं भरलेली होती, ती सावकाश उलटली. सगळी कामं आमच्या संस्थेच्या आवारात उभ्या असलेल्या एकाच जुन्या विमानावरची. त्यांनी विचारलं, "हे विमान शेवटचं कधी उडालं?" मला उत्तर देता आलं नाही. त्यांनी लॉगबुक मिटलं, दोन्ही हातांनी माझ्याकडे दिलं आणि चहा मागवला. तो चहा मला अजून आठवतो.

परत आलो आणि मुंबईला हँगरमध्ये हेल्पर म्हणून लागलो. रात्रपाळी. चाक बदलायचं, फिल्टर बदलायचे, बोल्ट सैल होऊ नये म्हणून त्याला लॉकवायरची तार घालायची. तिची पीळ दिलेली टोकं बोटांत घुसायची. पाळी संपली की इंजिनिअरच्या मागे लागून त्या रात्रीच्या प्रत्येक कामाची ओळ लिहायची, सही-शिक्का घ्यायचा. कंटाळा केला आणि आठवडा गेला की कोणी सही देत नाही. पाच वर्षांनी मला त्याच शहरातून बोलावणं आलं, ते त्या पानांमुळे. व्हिसा, तिकीट सगळं कंपनीने केलं.

खरं काम असेल तर असंच होतं. अमिरातीच्या कायद्याने भरतीचा खर्च कामगाराकडून घेताच येत नाही. आपल्याकडेही नोंदणीकृत एजंटला ३० हजार रुपये आणि वर जीएसटी, एवढंच घेता येतं. त्याची नोंदणी ई-मायग्रेट या सरकारी वेबसाइटवर दिसते. तुझ्या माणसाचं नाव तिथे आहे का, आजच बघ. आणि तो "आधी व्हिजिटवर जाऊ द्या, तिथे व्हिसा बदलू" म्हणत असेल तर सरळ नाही म्हण. व्हिजिट व्हिसावर काम करणं तिथे गुन्हा आहे, आणि पकडलं जातं ते पोरगं.

इथे काम नाही असं म्हणू नकोस. २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची ऑर्डर दिली. ती येत राहणार आणि त्यांना हात लागणार. मुंबई, हैदराबाद, बंगळूर, आपल्या नागपूरचं मिहान, सगळीकडे अर्ज टाकू दे. पगार सुरुवातीला कमी असेल, पहिला आकडा ऐकून वहिनींना वाईट वाटेल. त्यांना मी समजावतो. केळीचं टिश्यूचं रोप लावल्यावर पाचव्या महिन्यात कोणी कोयता घेऊन बागेत जात नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. लायसन्स, मग टाइप रेटिंग, मग सहीचा अनुभव. चार-पाच वर्षं धर. तेव्हाही तो पंचविशी-सव्विशीतच असेल.

रविवारी त्याला माझ्याकडे पाठव, लॉगबुक घेऊन. कोणती कामं कमी आहेत ते पानं बघून सांगतो, अर्जही इथेच बसून करू. एजंटने दिलेले कागद असतील ते सोबत दे. आणि टोकन म्हणून काही रक्कम आधीच दिली असशील, तर माझ्यापासून लपवू नकोस. दोघं मिळून जाऊ आणि परत मागू.

तुझाच,
शाळेपासूनचा दोस्त