तो झरा नाही साहेब, गळती आहे

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला पावसाळी सहलींचा लेख वाचला. त्याच दिवशी लिहायला बसलो होतो पण बायको म्हणाली आज डोकं गरम आहे, उद्या लिहा, म्हणून एक दिवस थांबलो. डोकं काही थंड झालं नाही. लेख तसा छानच आहे हो, धुकं आलं, कांदाभजी आली, तळ्यातलं कयाकिंग आलं, आणि पान ३ वर तो मोठा रंगीत फोटो, गोमुखातून पाणी पडतंय, दोन मुली ओंजळ धरून उभ्या, आणि खाली ओळ काय तर 'रिसॉर्टच्या आवारातील बारमाही नैसर्गिक झरा'.

झरा कुठला? ती बांधाची गळती आहे.

माझा जन्म त्याच नाल्याच्या खालच्या वाडीतला. तिथे झरा असता तर आमच्या आईने एप्रिल-मेमध्ये डोक्यावर हंडे घेऊन लांबच्या विहिरीवर खेपा घातल्या नसत्या. हा 'झरा' उगवला तो रिसॉर्टवाल्यांनी मातीचा बांध घालून तळं केलं त्याच्या दुसऱ्या पावसाळ्यात, आणि उगवला कुठे तर बांधाच्या पायथ्याला, बरोब्बर नाल्याच्या जुन्या पात्रात. मी पाटबंधारे खात्यात ३१ वर्षं साइटवर काढलीत, साहेब म्हणून नाही, सहाय्यक म्हणून, त्यातली निम्मी मातीकामावर रोलरच्या मागे चालत, त्यामुळे एवढं तरी मला कळतं.

आता मातीचा बांध थोडा झिरपतोच, त्याला कोणी घाबरत नाही. बघायचं असतं ते पाणी नितळ आहे का गढूळ. नितळ असेल तर नुसतं पाणी येतंय, गढूळ झालं की पाण्याबरोबर बांधाची माती येतेय, आतून पोकळ होत चाललाय. मागच्या श्रावणात पुतण्याला सांगून त्या गोमुखाचं पाणी बिसलेरीच्या बाटलीत भरून आणलं होतं, रात्रभर ठेवलं, सकाळी तळाला काही नाही. या वर्षी आषाढात परत आणलं. वरून बघितलं तर स्वच्छच दिसत होतं, सकाळी बाटलीच्या तळाला पिवळ्या मातीचा पातळ थर बसलेला. ती माती नखावर घेऊन चोळून बघितली, बारीक, पिठासारखी, वाळूचा कण नाही. तुमच्या फोटोतल्या मुली तेच पाणी प्यायल्या असतील तर बिचाऱ्यांच्या पोटात थोडं धरण गेलंय.

बाटली घेऊन रिसॉर्टवर गेलो. रिसेप्शनवर बसवलं, कोकम सरबत दिलं, पोरगा नम्र होता त्याबद्दल तक्रार नाही. मॅनेजर आले, बाटली बघितली आणि म्हणाले, "काका, ते नॅचरल स्प्रिंग आहे, मिनरल्स असतात त्यात." मी म्हटलं अहो ते गोमुख आधी काढा, तिथे सिमेंट लावून तुम्ही पाण्याची वाट आवळलीय, ते दुसरीकडून फुटेल, त्या जागेवर आधी वाळू मग खडी मग दगड असे थर टाका म्हणजे पाणी येईल पण माती अडेल, आणि तळ्याची लेव्हल जरा खाली आणा. लेव्हल म्हटल्यावर त्यांचा चेहरा बदलला. कारण लेव्हल त्यांनी मुद्दाम वाढवलीय. सांडव्यात, म्हणजे जादा पाणी बाहेर जायच्या वाटेत, दीड-दोन फुटाच्या फळ्या उभ्या केल्यात, बोटी डिसेंबरपर्यंत चालायला पाहिजेत ना! आणि फळ्यांच्या पुढे जाळी, का तर सोडलेले रोहू-कटला पुरात वाहून जाऊ नयेत, पाहुण्यांना गळ टाकायला लागतात. जाळीत आत्ताच पालापाचोळा आणि थर्माकोलच्या प्लेटा अडकलेल्या मी या डोळ्यांनी बघितल्यात. आमच्या भोरकडच्या हिरडस मावळातला पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको, एका रात्रीत नाला पुरुषभर चढतो, ते पाणी सांडव्यातून गेलं नाही तर बांधाच्या माथ्यावरून जाणार, आणि मातीच्या बांधावरून पाणी गेलं की मग काही करता येत नाही, तास दोन तासांचा खेळ असतो.

माथ्यावर काय आहे विचाराल तर झाडं. गुलमोहर, बांबू, रांगेत, बुंध्याशी लायटिंग. आमच्या वेळी बांधावर हातभर रोपटं दिसलं तर मुकादमाची खरडपट्टी निघायची, फक्त गवत चालायचं. झाड वाऱ्याने पडलं तर बांधाचा लचका घेऊन पडतं, आणि तोडलं तर आत मुळं कुजून पाण्याला आयती नळी मिळते. म्हणून ते लहान असतानाच उपटायचं. लेखात त्याला 'हिरवी कमान' म्हटलंय.

माझी मुलगी अमेरिकेत पिट्सबर्गला असते, तिच्याकडे गेलो होतो तेव्हा जावई हौसेने साउथ फोर्कला घेऊन गेले. तिथलं तळंही असंच मौजेचं होतं, बड्या लोकांच्या क्लबचं, कार्नेगी आणि फ्रिक हे पोलाद-कोळशाचे शेठ त्याचे मेंबर, मासेमारी आणि होड्या. मातीचं धरण. तळं रिकामं करायचे लोखंडी पाइप आधीच्या मालकाने काढून भंगारात घातले होते ते क्लबने परत बसवलेच नाहीत, गाड्या जायला माथा खाली केला, आणि मासे जाऊ नयेत म्हणून सांडव्याला जाळी लावली. हो, जाळीच! ३१ मे १८८९ ला मोठा पाऊस झाला, जाळीत कचरा अडकला, धरण फुटलं आणि खाली जॉन्सटाउन गावासकट २,२०९ माणसं गेली. क्लबला कोर्टात काही झालं नाही. आता तिथे धरणाची दोन टोकं तेवढी उभी आहेत, मधून रेल्वे जाते. मी तिथे उभा होतो आणि डोळ्यासमोर आमचीच वाडी येत होती, जावयांना वाटलं मला बीपीचा त्रास होतोय.

आपल्याकडे एवढं मोठं काही नाही म्हणाल. तळं छोटं आहे, मान्य. खाली चौदा घरं आहेत, अंगणवाडी आहे आणि भातखाचरं आहेत, तीही छोटीच. ऑफिसांचं म्हणाल तर तीन ठिकाणी अर्ज दिले. पहिल्यांनी सांगितलं खाजगी जागा आहे, दुसऱ्यांनी सांगितलं आमच्या यादीत नाही, तिसऱ्यांनी सही-शिक्का देऊन पोच दिली, ती जपून ठेवलीय. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा वाचला, तो १५ मीटरच्या वरच्या धरणांना, आणि १० ते १५ मधल्या काहींना ज्या अटीत बसतात. आमचा बांध सात-आठ मीटर. म्हणजे कायद्याच्या उंचीत बसायला त्याला अजून वाढावं लागेल! कोकणातलं तिवऱ्याचं धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं, वीसच्या वर माणसं गेली, गळतीच्या तक्रारी लोकांनी आधीच केल्या होत्या आणि तेव्हाचे जलसंधारण मंत्री म्हणाले खेकड्यांनी धरण फोडलं. आमच्या नाल्यात पण खेकडे भरपूर आहेत, म्हणजे काही झालं तर आरोपी तयार आहे.

आणि जाता जाता, आमचा म्हसोबा त्याच आवारात गेलाय. पिढ्यान्‌पिढ्यांची वाट होती, आता गेट आहे. मागच्या अमावास्येला नारळ घेऊन गेलो तर वॉचमन म्हणतो डे-पास घ्या. त्यावर वेगळं लिहीन.

रिसॉर्ट बंद करा असं माझं म्हणणं नाही, वाडीतली सहा पोरं तिथे कामाला आहेत. फळ्या काढा, जाळी काढा, पायथ्याला वाळू-खडी-दगडाचा तो फिल्टर टाका, आणि एखाद्या जाणत्या इंजिनिअरला दर पावसाळ्याआधी आणि नंतर फिरवून आणा, त्याचा खर्च त्यांच्या एका वीकएंडच्या भाड्यात निघेल. तुमच्याकडून फक्त एक पाहिजे, येत्या रविवारी शुद्धिपत्रक: 'पान ३ वरील छायाचित्राच्या ओळीत "नैसर्गिक झरा" ऐवजी "गळती" असे वाचावे.'

आपला,
एक निवृत्त वाचक, ता. भोर

ता.क. मागच्या वेळी माझं पत्र निम्मं कापलं होतं. या वेळी जागा कमी पडली तर अमेरिकेचा भाग कापा, बाटलीचा कापू नका.