नानांच्या मांडीत पुन्हा जोर आणणाऱ्या फिजिओथेरपिस्ट मॅडमना

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

तुमचे आभार तोंडी मानले होते, पण बाहेर पेशंटची रांग होती आणि दोन शब्दांतच उरकावं लागलं. म्हणून हे पत्र. नाव घेतलेलं तुम्हाला आवडणार नाही, ते टाळते. पण आपल्या खान्देशात घरोघरी कुणाचं ना कुणाचं प्लास्टर निघत असतं, त्यांच्या माणसांनीही हे वाचावं असं मनापासून वाटतं.

नानांचं नडगीचं हाड जुळलं तेव्हा आम्हाला वाटलं, सुटलो. प्लास्टर कापलं आणि आतली मांडी बघून आईने पदर डोळ्यांना लावला. नाना एवढंच म्हणाले, "मना पाय बारीक व्हई गया." उभा जन्म कपाशीत राबलेल्या माणसाला खाटेवर टाच उचलता येईना. येणारा-जाणारा मालिशीचं तेल सुचवत होता. तुम्ही त्याला नावं ठेवली नाहीत. "मालिशीने बरं वाटेल, पण स्नायूला काम दिल्याशिवाय तो भरणार नाही," एवढं सांगितलंत आणि खुर्ची ओढून नानांसमोर बसलात.

"नाना, दोर वळता येतो ना?" या प्रश्नाने नाना खुलले. धाग्यांचा पेड, पेडांचा दोर. तसेच बारीक स्नायुतंतू, त्यांच्या जुड्या, जुड्यांचा मिळून स्नायू. तंतूला, जुडीला आणि अख्ख्या स्नायूला आपापलं पातळ आवरण, आणि टोकाला ही आवरणं एकवटून कंडरा होते, ती हाडाला धरते. दोराने ओढता येतं, ढकलता येत नाही. म्हणून मांडीच्या पुढचे चार स्नायू गुडघा सरळ करतात आणि दुमडायला मागचे वेगळे लागतात. मग तुम्ही नानांचं बोट गुडघ्याच्या वाटीवर ठेवलंत आणि मांडी आवळायला सांगितलंत. पाय जागचा हलला नाही, पण वाटी बोटाखाली वर सरकली. नानांचा चेहरा मला अजून आठवतो. पाय आपला आहे, हे त्यांना त्या क्षणी पुन्हा कळलं.

माझ्यासाठी तुम्ही केसपेपरच्या मागे सार्कोमिअर काढलंत, म्हणजे स्नायुतंतूतला आखडणारा सगळ्यात छोटा भाग. जेमतेम दोन-अडीच मायक्रोमीटरचा तुकडा, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये असे चारेकशे ओळीने बसतील. त्यात दोन प्रथिनांचे तंतू, ॲक्टिनचे बारीक आणि मायोसिनचे जाड. स्नायू आखडतो तेव्हा यांतला कुठलाच तंतू आखूड होत नाही, ते एकमेकांवरून सरकतात. ही गोष्ट १९५४ साली दोन वेगवेगळ्या जोड्यांनी एकाच वेळी मांडली: अँड्र्यू हक्सली आणि नीडरगर्के, ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन. चेतातंतूचा निरोप आला की आत साठवलेलं कॅल्शियम सुटतं, मायोसिनची डोकी ॲक्टिनला धरून ओढतात, आणि धरलेलं सोडायलाही एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारं रसायन, लागतं. मेल्यावर शरीर ताठरतं ते याचमुळे, एटीपी संपतं आणि पकड सुटत नाही. बारावीला हे सगळं मी पाठ केलं होतं. कळलं त्या दिवशी.

पण ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ती गोष्ट पुढची. घरी आई टेप घेऊन नानांची मांडी मोजायची. आठवडे गेले, टेप काही हलेना. नाना चिडले, व्यायाम सोडायला निघाले. तुम्ही विचारलंत, "टेप राहू द्या. खुर्चीतून उठताना हात टेकावा लागतो का अजून?" लागत नव्हता! आमच्या कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. तुम्ही सांगितलंत की ताकद आधी चेतांमध्ये येते. एक चेतापेशी मांडीतल्या शेकडो तंतूंना एकदम कामाला लावते. पडून राहिलेल्या पायात तंतूंच्या अशा कित्येक तुकड्यांना नीट हाक जात नाही. व्यायामाने आधी ही हाक सुधारते, तंतू जाड व्हायला त्यानंतर वेळ लागतो. १९९० साली बोस्टनमध्ये नव्वदीतल्या माणसांकडून आठ आठवडे वजनांचा व्यायाम करून घेतला, तेव्हा त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्के वाढली, मांडीतला स्नायू मात्र ९ टक्केच. हे आकडे ऐकून नाना गप्प झाले आणि टेप आईच्या शिवणाच्या डब्यात गेली.

त्यानंतर खुर्चीवर सावकाश बसायचा व्यायाम आला. उठण्यापेक्षा बसताना मांडी जास्त दुखते याचं नानांना नवल वाटायचं. भार पेलत लांब होताना स्नायूवर जास्त ताण येतो, म्हणून दुसऱ्या दिवशी ठणकतं, हे तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे कुणी घाबरलं नाही. दोन्ही वेळच्या जेवणात डाळ आणि मूठभर शेंगदाणे, हाही तुमचाच नियम, तो अजून चालू आहे.

औषधं लिहून देणारे पुष्कळ भेटतात. आठवी शिकलेल्या शेतकऱ्याला त्याच्याच मांडीची रचना समजेल असा विश्वास धरून, वेळ काढून सांगणारं माणूस आम्हाला पहिल्यांदा भेटलं. त्याचं मोल फीमध्ये फिटणारं नाही.

आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, अमळनेरला सखाराम महाराजांचा रथ निघाला, तेव्हा नाना काठी न घेता बोरी नदीच्या वाळूत उतरले. वाळूत चालायला पोटऱ्यांना फार काम पडतं, असं शेजाऱ्यांना समजावत होते. गल्लीतल्या एका काकूंचं प्लास्टर नुकतंच निघालंय, त्यांना वाटीवर बोट ठेवायला नानांनीच शिकवलं. पुढचं तुम्हीच बघा, म्हणून त्यांना सोमवारी तुमच्याकडे घेऊन येतेय.

आईने निरोप दिलाय, थंडीत भरताची वांगी निघाली की जेवायला यायचंच. कळण्याची भाकरी ती स्वतः थापणार आहे.

आपली कृतज्ञ,
नानांची मुलगी